चार पुढच्या तारखेचे चेक आणि एक कोरा

प्रश्न: आमचा कोरुगेटेड बॉक्स बनवण्याचा छोटा कारखाना आहे. फर्म पत्नीच्या नावावर प्रोप्रायटरशिप आहे. व्यवहार सगळा मी बघतो, चेकवर सही मात्र तिची. क्राफ्ट पेपर देणारा नवा पुरवठादार परराज्यातला आहे. ६,४०,००० रुपयांच्या मालावर चार महिन्यांची उधारी द्यायला तो तयार आहे, पण ३०, ६०, ९० आणि १२० दिवसांच्या तारखांचे प्रत्येकी १,६०,००० रुपयांचे चार चेक आधीच हवेत म्हणतो. शिवाय सही केलेला एक कोरा चेक ‘सिक्युरिटी’ म्हणून मागतो. आमची गिऱ्हाइकं बिल दिल्यावर ७५ ते ९० दिवसांनी पैसे सोडतात. अकाउंटंट म्हणतो, सिक्युरिटी चेकवर केस होत नाही, आणि माल खराब निघाला तर स्टॉप पेमेंट आहेच. चेक द्यावेत का?

उत्तर: कोरा चेक देऊ नका. बाकीचे चार देता येतील, पण या तारखांना नाही, आणि माल गोदामात उतरून वजन-तपासणी होण्याआधी तर मुळीच नाही. अकाउंटंटचं पहिलं म्हणणं चूक आहे. दुसरं अर्धवट खरं आहे, आणि ते जास्त धोक्याचं.

आधी तारखा बघू. पुरवठादार चार महिने म्हणतोय, पण पैसे समान चार हप्त्यांत ३०, ६०, ९०, १२० दिवसांना जाणार आहेत. त्याची सरासरी काढा: ७५ दिवस. म्हणजे तुम्हाला प्रत्यक्षात अडीच महिन्यांचीच उधारी मिळतेय. आता तुमची बाजू. रीळ आले, बॉक्स बनले, माल गेला, बिल झालं यात पंधरा दिवस धरू. त्यापुढे गिऱ्हाइकाचे ७५ ते ९० दिवस. म्हणजे या कागदातून पहिला रुपया ९० ते १०५ दिवसांनी येणार. तोवर दोन चेक वटून ३,२०,००० गेलेले असतील आणि तिसरा दारात उभा असेल. हे पैसे दुसऱ्या कुठल्या बिलातून येणार आहेत, ते नाव घेऊन सांगता येत नसेल तर ते चेक देऊ नयेत.

साध्या उधारीत पुरवठादाराचा तगादा येतो, तुम्ही आठ दिवस मागता, तो कुरकुरतो आणि थांबतो. चेक दिला की थांबायचं की नाही हे तो एकटा ठरवतो. चेकवरच्या तारखेपासून तीन महिने चेक चालतो (१ एप्रिल २०१२ पासून रिझर्व्ह बँकेनं ही मुदत सहा महिन्यांवरून तीनवर आणली). या तीन महिन्यांत तो कधीही भरू शकतो. एकदा परत गेला तर पुन्हा भरू शकतो, आणि दुसऱ्यांदा परत गेल्यावरही केस करू शकतो. ‘साहेब, दोन दिवस थांबा’ हा फोन फारसा कामाचा नाही. बरेच पुरवठादार पुढच्या तारखेचे चेक गठ्ठ्यानं आपल्या बँकेकडे ठेवतात आणि तारीख उजाडली की बँक ते आपोआप क्लिअरिंगला लावते. तुमचा फोन घेणाऱ्या माणसाच्या हातात तेव्हा चेक नसतोच.

पूर्वी चेक भरल्यापासून पैसे वजा होईपर्यंत एखाद-दुसरा दिवस मिळायचा आणि त्या फटीत अनेक धंदे चालायचे. ती फट आता बुजली आहे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून दिवसाच्या क्लिअरिंगच्या वेळेत आलेला चेक पास की परत, हे तुमच्या बँकेला त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत कळवावं लागतं. म्हणून चेकच्या तारखेला सकाळीच पैसे खात्यात असले पाहिजेत. दुपारच्या आरटीजीएसच्या भरवशावर राहू नका.

पैसे असूनही चेक परत जातो, हेही लक्षात असू द्या. कॅश क्रेडिट खातं असेल तर मंजूर मर्यादा वेगळी आणि त्या महिन्याची ड्रॉइंग पॉवर (स्टॉक आणि येण्यांवरून बँक ठरवते ती प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम) वेगळी. स्टॉक स्टेटमेंट उशिरा गेलं, किंवा तुमची येणी ९० दिवसांच्या पुढे सरकली, की बँक तेवढी येणी हिशेबातून वगळते आणि ड्रॉइंग पॉवर खाली येते. तुमची गिऱ्हाइकं नेमकी या काठावर पैसे देणारी आहेत. मग चेकवर ‘एक्सीड्स अरेंजमेंट’ असा शेरा येतो. कायद्याच्या नजरेत तो आणि ‘फंड्स इनसफिशिएंट’ सारखेच. सही न जुळणं हे कारणही सुटकेचं नाही, खातं बंद असणं हेही नाही. सर्वोच्च न्यायालयानं अनुक्रमे २०१२ आणि १९९९ मध्ये दोन्ही कारणं कलम १३८ च्या कक्षेत धरली आहेत.

आता ते कलम. चेक वटला नाही तर लागू होतो तो १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट. त्यात कलम १३८ हे १ एप्रिल १९८९ पासून आलं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र आहे आणि चेक परत गेला म्हणून पोलीस दारात येत नाहीत. तरी ‘कैद क्वचितच होते’ म्हणून निर्धास्त राहण्यासारखं हे प्रकरण नाही, कारण खरा त्रास शिक्षेच्या आधीच सुरू होतो. २०१५ च्या दुरुस्तीनंतर केस चालते ती चेक घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे त्या भागातल्या कोर्टात. तुमच्या बाबतीत परराज्यात. समन्स जाणार फर्मच्या मालकाला, चेकवर जिची सही आहे तिला. हिंदी-इंग्रजी कागद, अनोळखी वकील, तारखेला हजर न राहिल्यास वॉरंट, हे सगळं तुमच्या पत्नीच्या नावावर. व्यवहार तुम्ही बघता हा बचाव तिथे उपयोगी पडत नाही. शिवाय २०१८ च्या दुरुस्तीनं केस चालू असतानाच चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला लावण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला आहे. द्यायला लावावीच असं बंधन नाही, पण लावली तर साठ दिवसांत भरावी लागते. तेव्हा सही करण्याआधी हा परिच्छेद पत्नीला स्वतः वाचू द्या. ही गोष्ट घरात फार वेळा राहून जाते.

सिक्युरिटी चेकवर केस होत नाही, हा समज बाजारात इतका मुरलाय की चेक मागणारे आणि देणारे दोघंही तसंच बोलतात. न्यायालय चेकला काय नाव दिलं हे बघत नाही. चेकवर जी तारीख आहे त्या दिवशी तुम्ही खरोखर तेवढं देणं लागत होतात का, हे बघतं. देणं होतं, तर ‘सिक्युरिटी’ शब्दानं काही वाचत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये हेच सांगितलं. उलट बाजूही आहे. ऑर्डरबरोबर आगाऊ म्हणून पुढच्या तारखेचे चेक दिले, मग ऑर्डर रद्द झाली, मालच आला नाही, तर देणंच उभं राहत नाही आणि कलम १३८ लागत नाही, असं २०१४ च्या एका निकालात ठरलं. पण त्यासाठी कोर्टात उभं राहून ते सिद्ध करावं लागतं. म्हणून चेक माल उतरल्यावर द्यायचे.

कोऱ्या चेकचं दुखणं त्याहून मोठं. सही करून कोरा चेक हातात दिलात, की समोरच्यानं तो भरावा अशी मुभा तुम्ही दिली असं कायदा धरतो. रक्कम आणि तारीख दुसऱ्याच्या अक्षरात आहे हे दाखवून काही साधत नाही, हे २०१९ च्या निकालानं पक्कं झालंय. देणं नव्हतं किंवा इतकं नव्हतं, हे तुम्हालाच दाखवावं लागतं. त्या चेकवर तो काय लिहील? या बिलाची बाकी, उशिराचं व्याज, वाहतुकीचा वाद, पुढच्या ऑर्डरची रक्कम, सगळ्याची बेरीज. आणि तारीखही तोच घालणार, त्यामुळे तीन महिन्यांची मुदत त्याला हवी तेव्हा सुरू होते. दोन वर्षांनी व्यवहार बिनसला तरी तो चेक ताजा. पुरवठादार अडूनच बसला तर बँक गॅरंटी सुचवा. मुदत ठेवीवर मार्जिन ठेवून बँक ती देते. खर्च येतो, पण तिच्यावर कमाल रक्कम आणि शेवटची तारीख छापलेली असते. किंवा पहिली ऑर्डर अर्धी करा, त्याचा विश्वास बसू द्या.

स्टॉप पेमेंट. तो बँकेला दिलेला आदेश आहे, त्यानं देणं मिटत नाही. स्टॉप पेमेंटमुळे परत गेलेल्या चेकवरही कलम १३८ लागू शकतं, हे १९९८ पासून स्पष्ट आहे. २००१ च्या निकालात एक वाट ठेवली आहे: त्या दिवशी खात्यात पुरेसे पैसे होते आणि थांबवायला खरं कारण होतं, हे चेक देणाऱ्यानं दाखवलं तर तो सुटू शकतो. दोन्ही गोष्टी हव्यात. तुमच्या अकाउंटंटनं दुसरी सांगितली, पहिली सांगितली नाही. बहुतेक लोक पैसे नसल्यामुळे स्टॉप करतात आणि मग मालाचं कारण पुढे करतात. खातेउतारा बघितला की ते उघडं पडतं.

तुमच्या मालात वाद कसा होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. ऑर्डर २० बीएफची (बर्स्टिंग फॅक्टर, म्हणजे कागदाची न फुटण्याची ताकद), आला १६ बीएफचा. १२० जीएसएम (दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) सांगितलं, भरलं ११०. कागद ओला, वजनात पाणी. यासाठी रीळ उतरल्यावर चार-पाच दिवसांत नमुना तपासून घ्या, रीळ क्रमांकासह अहवाल ठेवा, ई-मेल करा, नाकारलेल्या रिळांची डेबिट नोट (बिलातून तेवढी रक्कम वजा केल्याचा कागद) काढा. आणि मग ज्या चेकमधून ती वजा व्हायची तो चेक बदलून मागा. जुना परत, कमी रकमेचा नवा. ही चार पत्रं चेकच्या तारखेच्या आधी गेलेली असतील तरच स्टॉप पेमेंटला अर्थ आहे, आणि तेव्हाही खात्यात चेकची पूर्ण रक्कम राहू द्यायची. दोन महिने माल वापरून चेकच्या आदल्या दिवशी ‘क्वालिटी नव्हती’ म्हणालात, तर कोणी ऐकणार नाही.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो तारखांचं गणितच बदलू शकतो. पुरवठादाराच्या बिलावर उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) क्रमांक आहे का? स्वतः उत्पादन करणारा सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल (१ एप्रिल २०२५ पासून लघु म्हणजे उलाढाल १०० कोटींपर्यंत आणि यंत्रसामग्रीतली गुंतवणूक २५ कोटींपर्यंत), तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानं करार काहीही असो, कमाल मुदत ४५ दिवस. लेखी करार नसेल तर १५ दिवस. म्हणजे ६०, ९०, १२० चे तुमचे तीनही चेक जन्मतःच उशिराचे. त्यावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज तो मागू शकतो, आणि ते व्याज आयकरात खर्च म्हणून मिळत नाही. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासूनचा नियम असा की मुदत उलटून ३१ मार्चला थकीत राहिलेली अशी खरेदी त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही, ज्या वर्षी पैसे जातील त्या वर्षी धरता येते. मार्चमध्ये मेचा चेक देऊन ठेवला म्हणजे पैसे दिले असं होत नाही. पुरवठादार निव्वळ व्यापारी असेल, दुसऱ्याच्या मिलचा कागद विकत असेल, तर ४५ दिवसांची ही कटकट नाही. नाव ‘पेपर मिल्स’ असलं तरी बिल ट्रेडिंग फर्मचं असतं असं या धंद्यात बरेचदा होतं, तेव्हा बिलावरचं नाव आणि उद्यम प्रमाणपत्रातला व्यवसायाचा प्रकार दोन्ही बघा.

४५ दिवसांची अट लागू नसेल असं धरून पुरवठादारापुढे ठेवण्याजोगा प्रस्ताव सांगतो: माल तपासल्यावर २० टक्के, म्हणजे १,२८,००० एनईएफटीनं, उरलेल्या ५,१२,००० चे दोन चेक, २,५६,००० प्रत्येकी, ११० आणि १२० दिवसांचे. त्याच्या हातात लगेच काहीतरी पडतं आणि तुमचे चेक गिऱ्हाइकाच्या पैशाच्या मागे राहतात. तो ९० च्या पुढे जायला तयार नसेल तर ऑर्डरच कमी करा. अट लागू असेल तर उधारी पुरवठादाराकडून न घेता बँकेकडून घ्यायची, दुसरा इलाज नाही.

तारीख निवडताना महिन्याची ५, ७ आणि २० टाळा. हप्ता, टीडीएस आणि जीएसटी साधारण याच दिवशी जातात. १२ किंवा २५ ठीक. सुट्टीच्या दिवसाची तारीख असली तर चेक पुढच्या कामाच्या दिवशी लागेल, तेव्हा पैसे अडकून राहतील इतकंच.

चेक लिहिताना: तारखेचे आठही चौकोन स्वतः भरा. पुरवठादाराचं नाव बिलावर आहे तसंच, अक्षरी रकमेपुढे ‘फक्त’, उरलेल्या जागेवर रेघ. ‘किंवा धारकास’ खोडा आणि डाव्या कोपऱ्यात दोन रेघांमध्ये ‘अकाउंट पेयी’ लिहा, म्हणजे तो चेक तिसऱ्याच्या खात्यात जात नाही. खाडाखोड नको. सीटीएस (चेकचं चित्र पाठवून क्लिअर होणाऱ्या) चेकवर तारखेची वैधता वाढवण्यापलीकडे दुरुस्ती चालत नाही. नाव किंवा रक्कम चुकली तर नवं पान घ्या.

चेकबरोबर पत्र द्या, आणि त्याच्या प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्या. मजकूर मोठा नको: ‘आपल्या बिल क्रमांक अमुक, दिनांक तमुक, रुपये ६,४०,००० पैकी बाकी रकमेपोटी पुढील चेक देत आहोत (क्रमांक, तारीख, रक्कम). हे चेक फक्त याच बिलापोटी आहेत. मालातील त्रुटीची डेबिट नोट मान्य झाल्यास त्या रकमेपुरता चेक बदलून दिला जाईल. चेकची रक्कम अन्य मार्गाने दिल्यास मूळ चेक सात दिवसांत परत करावा.’ तोंडी ठरलेलं चेकच्या मागे लिहून फायदा नाही, पोच असलेलं हे पत्रच उपयोगी पडतं.

पॉझिटिव्ह पे विसरू नका. ५०,००० आणि त्यावरच्या चेकसाठी बँका ही सोय देतात आणि ५ लाखांपासून ती सक्तीची करण्याची मुभा त्यांना आहे. चेक क्रमांक, तारीख, नाव, रक्कम आधी बँकेला कळवायची. तुमच्या बँकेनं ती कितीपासून सक्तीची केलीय आणि पुढच्या तारखेच्या चेकची माहिती किती आधी भरता येते, हे शाखेत विचारून घ्या. चार महिन्यांपूर्वी दिलेल्या चेकची माहिती भरायची राहून गेली म्हणून पैसे असतानाही चेक अडकतो, आणि पुरवठादाराला तर फक्त तो परत आलेला दिसतो.

मधेच थोडे पैसे आले म्हणून पुरवठादाराला ६०,००० एनईएफटी केलेत, तर तो चेक तसाच त्याच्याकडे ठेवू नका. २०२२ चा निकाल तुमच्या बाजूनं आहे: अंशतः रक्कम दिल्यावर ती चेकवर नोंदवल्याशिवाय मूळ पूर्ण रकमेचा चेक भरला आणि तो परत गेला, तर कलम १३८ लागत नाही. पण निकाल हातात असणं आणि चेक हातात असणं यात मोठा फरक आहे. एक लाखाचा नवा चेक द्या, १,६०,००० चा जुना घ्या.

आणि चेक परत गेलाच तर दिवस मोजायला लागा. समजा चेक परत गेल्याचा बँकेचा मेमो पुरवठादाराला १० जूनला मिळाला. त्यानं ३० दिवसांत, १० जुलैपर्यंत, लेखी नोटीस पाठवायची. ती तुम्हाला २० जूनला मिळाली, तर १५ दिवस, म्हणजे ५ जुलैपर्यंत तुमच्याकडे आहेत. या मुदतीत चेकची पूर्ण रक्कम दिली तर गुन्हाच पूर्ण होत नाही. अर्धी देऊन चालत नाही. रक्कम बँकेमार्फत द्या, शेऱ्यात चेक क्रमांक घाला, त्याच दिवशी ई-मेल करा. ५ जुलै उलटली की त्याला तक्रार करायला एक महिना. नोटीस न घेता पाकीट परत पाठवणं ही सगळ्यात महाग पडणारी हुशारी. योग्य पत्त्यावर गेलेली नोटीस मिळाली असंच धरलं जातं, आणि तुमचे पंधरा दिवस मात्र न वापरता जातात. नोटीस खरंच मिळाली नसेल, तर समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरून तक्रार फेटाळण्याची विनंती करता येते. २००७ च्या निकालानं ही सोय दिली आहे. कारखान्याचा पत्ता बदललात तर पुरवठादाराला लेखी कळवा, म्हणजे नोटीस बंद शटरखाली पडून राहणार नाही.

व्यवहार मिटल्यावर पुरवठादाराकडून शून्य बाकीचा खातेउतारा मागा. न वापरलेला किंवा बदललेला चेक परत आला की पानावरची सही कापून टाका, त्या क्रमांकावर बँकेच्या ॲपमधून स्टॉप नोंदवा आणि पान बिलाच्या फाइलला लावून ठेवा. बदललेला चेक आठ दिवसांत परत आला नाही, तर ‘अमुक क्रमांकाच्या चेकची रक्कम तमुक तारखेला दिली आहे, तो भरू नये’ असं एका ओळीचं पत्र स्पीड पोस्टानं पाठवा.